जुन्या माउंटन बाइकसाठी मागचा शॉक शोधताना

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडला राहणाऱ्या एकांकडे सेकंडहँड घेतलेली, 2011-12 च्या सुमाराची, 26 इंची चाकांची फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी, माउंटन बाइक आहे. मागच्या चाकाला 140 मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे ते तेवढं वर-खाली हलू शकतं. येऊरला आणि आरेच्या कच्च्या वाटांवर ते ती चालवतात. पावसाळा संपता संपता मागचा, हवेवर चालणारा शॉक (धक्के शोषणारा भाग) हवा धरेनासा झाला. दुकानात सांगितलं, ‘हे माप आता येत नाही, फ्रेमच बदला.’ तर नवा शॉक शोधायचा कसा, आणि आत्ताच्या सायकलींवरचा एखादा शॉक या फ्रेमवर बसेल का?

दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. नव्या सायकलींवर ते माप येत नाही, पण त्या मापाचे शॉक मिळणं बंद झालेलं नाही आणि सुटे भागही मिळतात. फ्रेम धड असेल, कुठे तडा नसेल, सांध्यांची बेअरिंग मिळत असतील, तर केवळ शॉकपायी ती मोडीत काढू नका. मात्र पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्या. तुमचा शॉक खरंच गेलाय का, आणि तुमच्या फ्रेमला नेमकं काय लागतं. शॉक कुठला घ्यायचा हे फ्रेम ठरवते, आपण फक्त तिची मापं नीट घ्यायची.

पहिल्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहेत. लोक शॉकपंप लावतात, काटा 150 पीएसआयवर आणतात, पंप काढतात. दहा मिनिटांनी पुन्हा लावला की काटा 120 दाखवतो, आणि शॉक गळतोय असं ठरतं. तो गळत असेलच असं नाही. पंपाची नळी रिकामी असते. ती जोडली की शॉकमधली हवा नळीत शिरते. शॉकमधला हवेचा कप्पा इतका लहान असतो की नळीभर हवा गेली तरी काटा बराच खाली येतो. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो, तोही बहुतेक नळीतल्या हवेचाच असतो. म्हणून गळती काट्यावर तपासू नका, सॅगवर, म्हणजे तुम्ही बसल्यावर शॉक किती दबतो त्यावर तपासा. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. दांडा जिथे आत जातो तिथपर्यंत ती सरकवा, हळूच सायकलवर बसा, न उसळता उतरा, आणि रिंग किती सरकली ते मोजा. रात्रभर पंप न लावता सायकल तशीच ठेवा आणि सकाळी परत मोजा. आकडा तोच आला तर हवा जागेवर आहे.

आकडा वाढला तर गळती नक्की. आता साबणाचं पाणी घ्या. आधी व्हॉल्व्हवर लावा. शॉकच्या व्हॉल्व्हमधली पिन मोटरसायकलच्या ट्यूबमध्ये असते त्याच जातीची असते, आणि ती नुसती ढिली झालेली असणं अगदी नेहमीचं आहे. पिन काढायच्या चावीने हलकं आवळलं की काम होतं. पिन बदलायची झाली तर जास्त दाबासाठीची घ्या. व्हॉल्व्हवर बुडबुडे नाहीत, पण हवेच्या कॅनच्या (शॉकच्या बाहेरच्या नळकांड्याच्या) तोंडाशी, जिथे दांडा आत जातो तिथे येत असतील, तर आतली सीलं गेली आहेत. ही सीलं बदलता येतात आणि त्यासाठी नवा शॉक लागत नाही. फॉक्सच्या जुन्या फ्लोट आणि आरपी मालिकेतल्या शॉकसाठी 803-00-142 या क्रमांकाचं एअर स्लीव्ह किट, म्हणजे सीलांचा संच, येतं. रॉकशॉक्सच्या मोनार्कसाठीही असंच किट मिळतं, फक्त मॉडेलचं साल बघून घ्यायला हवं. फॉक्सच्या शॉकवर चार अक्षरांचा एक कोड असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की शॉक मुळात कुठल्या मापाचा आणि कुठल्या ट्यूनचा (आतून किती ताठ किंवा मऊ बसवलेला) आहे ते कळतं. रॉकशॉक्सचं हेच काम सीरियल नंबरवर होतं. शॉक पुसून तो आकडा आजच टिपून ठेवा, पुढे पदोपदी लागेल.

इथे एक धोका सांगतो, तो कृपया हलक्यात घेऊ नका. शॉक दबलेल्या अवस्थेत अडकला असेल आणि व्हॉल्व्हमधली सगळी हवा सोडूनही पूर्ण लांबीला परत येत नसेल, तर तो घरी उघडू नका. एअर शॉकमध्ये दोन कप्पे असतात. एक शॉकला बाहेर ढकलतो, दुसरा, लहान असलेला निगेटिव्ह कप्पा, आत ओढतो. दोन्हींच्या मधलं सील गेलं की मोठ्या कप्प्यातली हवा लहान कप्प्यात शिरते आणि तिथेच कोंडते. व्हॉल्व्हचा तिच्याशी संबंध उरत नाही. काटा शून्य दाखवतो आणि आत मात्र प्रचंड दाब असतो. अशा वेळी कॅनचे आटे फिरवायला घेतले तर शेवटच्या आट्याला कॅन सुटून हाताला, तोंडाला लागू शकतं. असा शॉक सस्पेन्शनचं काम रोज करणाऱ्या माणसाकडेच द्या, आणि देताना ‘अडकलेला आहे’ असं स्पष्ट सांगा.

अडकलेला नसेल तर एअर कॅनची सर्व्हिस घरी जमण्यासारखी आहे. व्हॉल्व्ह दाबून हवा सोडा आणि सोडता सोडता शॉक सावकाश दाबत राहा, म्हणजे निगेटिव्ह कप्पाही रिकामा होतो. शॉक फ्रेमवरून काढा. दांड्याच्या बाजूच्या डोळ्यात (बोल्टच्या भोकात) जाड फडकं ओवून ठेवा, म्हणजे आत थोडा दाब राहिला असला तरी कॅन उडणार नाही. कॅनवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की हाताने पकड येते. पाइप पाना लावू नका, कॅन चेंबतो. जुनी सीलं काढायला दाभण किंवा स्क्रूड्रायव्हर नको, प्लॅस्टिकची टोकदार काडी घ्या. खाचेत ओरखडा पडला की नवं सीलही गळतं. सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सस्पेन्शनसाठीच्या ग्रीसचा पातळ हात द्या, कंपनीने सांगितलं असेल तेवढं तेल कॅनमध्ये घाला आणि बंद करा. गाडीच्या बेअरिंगचं ग्रीस मात्र वापरू नका. त्यातल्या काही प्रकारांनी सीलं फुगतात, शिवाय ते जाड असल्यामुळे लहान खड्ड्यांवर शॉक हलतच नाही.

किट इथे मिळालं नाही की नागदेवी स्ट्रीटवर ओ-रिंगा शोधाव्यात का, असं बरेच जण विचारतात. नागदेवीला रबराची रिंग कुठल्या मापाची मिळत नाही हाच प्रश्न आहे. व्हर्नियर घेऊन जा, आतला व्यास आणि जाडी सांगा, नायट्राइलची रिंग काही रुपयांत हातात येते. व्हॉल्व्हखालची किंवा कॅनच्या आट्याजवळची, म्हणजे जागेवर स्थिर बसणारी रिंग अशी आणायला माझी हरकत नाही. दांड्यावर सतत घासणारं मुख्य सील मात्र किटमधलंच हवं. त्याचा आकार वेगळा असतो, शेजारी आधाराच्या पातळ पट्ट्या असतात, आणि नुसता गोल ओ-रिंग तिथे पिळवटून फाटतो.

सीलं बदलूनही हवा राहिली नाही तर दांड्याकडे बघा. उजेडात धरून त्यावरून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असला तर कुठलंही सील तिथे टिकणार नाही. आपल्याकडे हे फार घडतं. येऊरचा तांबडा चिखल वाइपरशी (दांडा पुसणाऱ्या सीलशी) वाळतो, त्यावरच पुढची राइड होते, आणि बारीक कण पॉलिश पेपरचं काम करतात. त्यात समुद्राची खारी हवा. फॉक्स सांगते की 125 तास किंवा वर्ष, जे आधी येईल तेव्हा सर्व्हिस करा. रॉकशॉक्स एअर कॅनसाठी 50 तास आणि आतल्या डॅम्परसाठी, म्हणजे उसळी आवरणाऱ्या तेलाच्या भागासाठी, 200 तास सांगते. मुंबईच्या पावसात नियमित चालवणाऱ्याने एवढी वाट बघू नये. जूनच्या आधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा कॅन उघडून पुसावा, असं मी सुचवतो. आणि धुताना सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा शॉकवर कधीही मारू नका. पाणी सीलच्या आत जातं आणि मग बाहेर येत नाही.

हवा ठीक, पण शॉक उसळतोय, रिबाउंडची (दबलेला शॉक किती वेगाने परत येतो त्याची) कळ फिरवून काही फरक पडत नाही, दाबताना आतून गचगच आवाज येतो, लॉक लागत नाही, किंवा तेल नुसतं ओलसर न राहता थेंब थेंब गळतंय, तर बिघाड डॅम्परमध्ये आहे. तिथे तेल आणि नायट्रोजन असतो आणि ते काम घरचं नाही. मोटरसायकलचे मोनोशॉक भरून देणारे कारागीर मुंबईत आहेत. त्यांना तेल, वायू, सील यांची जाण असते, पण सायकलच्या शॉकमध्ये नायट्रोजन भरण्याची जागा फार लहान असते, काही फॉक्सवर तर ती रबराच्या गोळीतून सुई खुपसून भरावी लागते. त्यांच्याकडे त्या कामाचं साधन आहे का, एवढं आधी विचारा. नसेल तर त्यांना उघडू देऊ नका.

आता दुसरी गोष्ट. डॅम्पर गेला, दांडा खरवडला गेला, सुटे भाग मिळत नाहीत, म्हणजे शॉक बदलायचाच आहे. मग मोजायला बसा.

पहिलं माप आय-टू-आय. शॉक पूर्ण उघडलेला असताना एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर. शॉक फ्रेमवरून काढून, व्हर्नियरने किंवा चांगल्या पोलादी पट्टीने मोजा. शिंप्याचा टेप नको. दुसरं माप स्ट्रोक, म्हणजे शॉक जास्तीत जास्त किती दबतो ते. दांड्याचा दिसणारा भाग म्हणजे स्ट्रोक असं धरू नका, तो पुष्कळदा थोडा जास्त दिसतो. हवा पूर्ण सोडा, शॉक तळापर्यंत दाबा, आय-टू-आय पुन्हा मोजा, पहिल्यातून वजा करा.

2016 पर्यंत ही मापं इंचांत असत. 6.5 बाय 1.5 इंच म्हणजे 165 बाय 38 मिमी. 7.5 बाय 2 म्हणजे 190 बाय 51. 7.875 बाय 2 आणि 7.875 बाय 2.25 म्हणजे 200 बाय 51 आणि 200 बाय 57. त्याहून मोठ्या ट्रॅव्हलला 8.5 बाय 2.5 म्हणजे 216 बाय 63, 8.75 बाय 2.75 म्हणजे 222 बाय 70, आणि डाउनहिलला 9.5 बाय 3, म्हणजे 241 बाय 76. तुमच्या 140 मिमीच्या सायकलवर 200 बाय 57 किंवा 200 बाय 51 निघण्याची शक्यता मोठी आहे, पण मोजल्याशिवाय मागवू नका. 2016 मध्ये मेट्रिक मापं आली: 190, 210, 230 आणि 250 मिमी लांबी, आणि प्रत्येकात 2.5 मिमीच्या फरकाने तीन स्ट्रोक. त्याच सुमाराला ट्रनियन पद्धतही रूढ झाली, ज्यात वरच्या बाजूला डोळाच नसतो, शॉकच्या अंगात दोन्ही बाजूंनी बोल्ट जातात. ट्रनियन शॉक तुमच्या फ्रेमवर बसणार नाही, त्यामुळे कितीही स्वस्त मिळाला तरी त्याचा विचार सोडा.

राहिला मेट्रिकचा साधा शॉक. ‘माझा 200 चा आहे, 210 चा बसेल का? दहा मिलिमीटरचाच तर फरक आहे’ असं मला वारंवार विचारतात. त्या दहा मिलिमीटरचं पुढे काय होतं, ते बघा. तुमच्या सायकलला 140 मिमी ट्रॅव्हल आणि 57 मिमी स्ट्रोक धरला तर लिव्हरेज रेशो 140 भागिले 57, म्हणजे साधारण 2.5. शॉक एक मिलिमीटर हलला की चाक अडीच मिलिमीटर हलतं. शॉक 10 मिमी लांब झाला की मागचं चाक 25 मिमी खाली जातं, म्हणजे सायकलची मागची बाजू तेवढी उचलली जाते. दोन चाकांच्या मधलं अंतर 1130 मिमीच्या आसपास असेल तर पुढच्या हेड ट्यूबचा कोन सव्वा अंशाने उभा होतो आणि पेडलचा मधला अॅक्सल सुमारे 15 मिमी वर जातो. येऊरच्या उतारावर हे लगेच जाणवतं. पुढचं चाक अंगाखाली आल्यासारखं होतं आणि ब्रेक लावला की मागची बाजू हलकी पडते. शिवाय लिंकेज, म्हणजे चाक आणि शॉक जोडणारे फ्रेमचे हलते दुवे, ज्या कोनात फिरण्यासाठी बनवलं आहे त्याच्या बाहेर जातं. त्यामुळे आय-टू-आय तंतोतंत तेच हवं. दोन-तीन मिलिमीटरची ओढाताण ऑफसेट बुश (ज्यात बोल्टचं भोक मध्यापासून सरकलेलं असतं) लावून करता येते, पण ती भूमिती बदलायला, चुकीचा शॉक बरोबर करायला नव्हे.

स्ट्रोकच्या बाबतीत एका बाजूची सवलत आहे. 200 बाय 57 च्या जागी 200 बाय 51 चालतो. ट्रॅव्हल 140 वरून साधारण 125 वर येतं, बाकी काही बिघडत नाही. आरेच्या वाटांवर तर फरक कळणारही नाही. उलट कधीही करू नका. फ्रेमला 51 चा स्ट्रोक सांगितला असताना 57 चा बसवला तर तळाला टायर सीट ट्यूबला घासतं, किंवा मागचा ब्रिज फ्रेमवर आदळतो. ॲल्युमिनियमला असे ठोके सोसत नाहीत, वेल्डपाशी तडा जातो.

काही फ्रेमची गोष्टच वेगळी. ट्रेकच्या त्या काळातल्या बऱ्याच फुल सस्पेन्शन सायकलींवर डीआरसीव्ही नावाचा, फॉक्सने त्यांच्यासाठी बनवलेला, आत दोन हवेचे कप्पे असलेला शॉक असे, आणि त्यांच्या काही फ्रेमची मापं कुठल्याच सर्वसाधारण तक्त्यात बसत नाहीत. स्पेशलाइज्डच्या काही मॉडेलवर ब्रेन नावाचा शॉक येतो. त्याचा लहानसा भाग मागच्या चाकाजवळ असतो आणि नळीने शॉकला जोडलेला असतो. त्यांच्याच काही फ्रेमवर शॉकच्या एका टोकाला डोळा नसतो, तो थेट योकला (लिंकेजच्या दुशाखी तुकड्याला) बोल्टने जोडतात. स्कॉटच्या जुन्या जीनियसवर आणि 2011 च्या पिढीतल्या कॅननडेल जेकिलवर तर दाबला न जाता ताणला जाणारा शॉक आहे, त्याला बाजारातला नेहमीचा शॉक पर्याय होऊच शकत नाही. तुमची सायकल यांपैकी असेल तर जुना शॉक दुरुस्त करणं हाच पहिला मार्ग धरा, त्यावर थोडा जास्त खर्च झाला तरी. फ्रेमचं नाव, साल आणि ‘शॉक साइज’ एवढं इंटरनेटवर शोधलंत तर तुमच्यासारखी अडचण आलेला कुणीतरी जगात कुठेतरी सापडतोच.

ट्यूनबद्दल. एकाच मापाचे दोन शॉक आतून वेगळे असू शकतात. रॉकशॉक्स मोनार्कवर रिबाउंड (परत येणं) आणि कॉम्प्रेशनसाठी (दबणं) लो, मिड, हाय असे ट्यून छापलेले असतात. लिव्हरेज रेशो जास्त असेल, म्हणजे तीनच्या आसपास, तर डॅम्परला जास्त जोर लावावा लागतो आणि हाय ट्यून लागतो. अडीचच्या आसपास मिड बहुतेक जमतो. नेमका ट्यून मिळत नसेल आणि मापं बरोबर असतील तर मी मिड घ्या म्हणेन. तुमचं वजन फार कमी किंवा फार जास्त असेल तर मात्र हा मुद्दा सोडू नका. हवेच्या कॅनचाही फरक असतो. मोठ्या कॅनचा शॉक मधल्या टप्प्यात मऊ आणि तळाला चटकन जाणारा, लहान कॅनचा शेवटी जास्त ताठ होणारा. तुमच्या जुन्या शॉकवर जो होता तसाच घ्या, आणि मोठा कॅन घ्यायचा झाला तर तो फ्रेमच्या नळीला लागत नाही ना, हे आधी तपासा. स्प्रिंगचा कॉइल शॉक घ्यायचा मोह होतो, कारण त्यात हवेची कटकट नाही. पण तुमच्या वजनाची आणि स्ट्रोकची स्प्रिंग वेगळी घ्यावी लागते, वजन वाढतं, आणि ज्या फ्रेमचं लिंकेज शेवटी ताठ होत नाही तिथे तो सारखा तळाला आदळतो.

ज्यांच्याकडे देशी डबल शॉकर सायकल आहे त्यांच्यासाठी एवढंच: त्यातली मागची स्प्रिंग बहुधा 150 किंवा 165 मिमीची असते, अंगावर लिहिलेला 550, 750 असा आकडा स्प्रिंगचा ताठपणा सांगतो, डॅम्पर नावापुरताच असतो. त्याच मापाची दुसरी लावा आणि निश्चिंत राहा. भारी शॉक बसवून ती सायकल वेगळी होणार नाही.

आता बुश. हा भाग लोक विसरतात आणि नवा शॉक हातात घेऊन अडकून बसतात. शॉकच्या डोळ्यात एक बुश असतो आणि त्याच्या आत दोन बाजूंनी ॲल्युमिनियमचे स्पेसर बसतात, ज्यातून बोल्ट जातो. हे स्पेसर तुमच्या फ्रेमच्या पंखांमधल्या (शॉक ज्यांच्यामध्ये बसतो त्या दोन पट्ट्यांमधल्या) रुंदीप्रमाणे आणि बोल्टच्या जाडीप्रमाणे असतात, शॉकप्रमाणे नव्हे. दोन्ही टोकांची रुंदी वेगवेगळी असू शकते. पंखांमधलं अंतर दशांश मिलिमीटरपर्यंत मोजा, बोल्ट 6 मिमीचा की 8 मिमीचा ते बघा, आणि नव्या शॉकबरोबर त्या मापाचे स्पेसर येतात का ते विचारा. जुने स्पेसर नव्या शॉकमध्ये बसतीलच असं नाही, कंपनीप्रमाणे बुशचा व्यास बदलू शकतो.

आधी हेही बघा की तुमची तक्रार मुळात बुशची तर नाही. सायकल सीटला धरून हलकेच वर उचला आणि सोडा, एक बोट शॉकच्या डोळ्यावर ठेवा. टक् असा ठोका बोटाला लागला तर बुश झिजलाय. तो झिजण्यासाठीच असतो. पोलादी पाठ, त्यावर ब्राँझ आणि टेफ्लॉनचा पातळ थर असं त्याचं अंग असतं, तो थर गेला की खडखड सुरू. हातोडीने ठोकून काढू नका. बाकावरच्या व्हाइसमध्ये, एका बाजूला बारीक सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला मोठं सॉकेट धरून दाबून काढा आणि तसाच नवा बसवा.

स्पेसर बाजारात मिळाले नाहीत तर मुंबईत राहण्याचा इथे खरा फायदा आहे. साकीनाका, कुर्ला, अंधेरी एमआयडीसी, ठाण्याचं वागळे इस्टेट, कुठेही लेथवाला टर्नर गाठा. कागदावर आकृती काढा, प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये लिहा, आणि जुना स्पेसर नमुना म्हणून बरोबर न्या. पोकळ पाइपचा नको, चांगल्या ॲल्युमिनियमच्या भरीव दांड्यातून करून घ्या. पंखांमध्ये स्पेसर हाताने सरकवून बसला पाहिजे, ठोकावा लागला तर जाड आहे, डुलला तर पातळ. बुशच्या जागी गनमेटल लावू का, असं टर्नर हमखास विचारेल. त्यापेक्षा डेलरिनचा करून घ्या, तो ग्रीसशिवाय शांत चालतो आणि झिजला तर पुन्हा करता येतो. बसवताना पोलादी बोल्टला ग्रीसचा हात द्या. खाऱ्या हवेत पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना खातात आणि दोन पावसाळ्यांत बोल्ट जागेवर चिकटतो.

शोधायचं कुठे? इंची मापांत नवा घ्यायचा तर मॅनिटूचा मॅक्लाउड हा माझ्या पसंतीचा शॉक आहे. तो जुन्या मापांत येतो, साधा आहे, घरी उघडून सर्व्हिस करता येतो. फॉक्सचा फ्लोट डीपीएसही इंची मापांत निघाला होता. एक्स-फ्यूजन आणि सनटूरचे शॉक दिसले तर नाकारू नका. डीएनएम आणि तशा स्वस्त शॉकबद्दल माझं मत असं: हलक्या वाटांसाठी चालतील, पण त्यांची सीलं मिळवणं अवघड, म्हणजे दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा याच प्रश्नावर. चीनच्या अलीएक्सप्रेसवरून लोक असे शॉक मागवत, त्यावर नोव्हेंबर 2020 मध्ये भारतात बंदी आली. युरोप-अमेरिकेतल्या दुकानातून मागवणार असाल तर किमतीत पाठवणावळ, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी धरूनच हिशेब करा. कुरियरवाले केवायसीची कागदपत्रं मागतात, ती तयार ठेवा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून आणायचा असेल तर हवा पूर्ण सोडून, चेक-इनच्या सामानात ठेवायला सांगा.

वापरलेला शॉक घ्यायला मी नको म्हणणार नाही. पुणे आणि बंगळुरूच्या माउंटन बाइकवाल्यांकडे विचारा, फ्रेम बदललेल्यांच्या कपाटात इंची शॉक पडून असतात. विकणाऱ्याकडून चार फोटो मागा: मोजपट्टीसकट पूर्ण लांबी, दांडा सगळ्या बाजूंनी उजेडात, कोड किंवा सीरियल नंबर, आणि दोन्ही डोळे जवळून. शिवाय शॉक दाबून सोडतानाचा आवाजासकट एक छोटा व्हिडिओ. ‘सर्व्हिस केलेला आहे’ या शब्दावर विसंबू नका, कुठे आणि कधी ते विचारा. किंमत ठरवताना एका सर्व्हिसचा खर्च त्यात मिळवा, कारण तो तुम्हाला करावाच लागेल.

शॉक आला की लगेच हवा भरून बाहेर पडू नका. हवा न भरताच फ्रेमवर बसवा आणि सायकलवर जोर देऊन सस्पेन्शन पूर्ण तळापर्यंत दाबा. मागचं टायर सीट ट्यूबला लागतं का, शॉकचा कॅन किंवा कळ फ्रेमला घासते का, केबल ताणली जाते का, ते जवळून बघा. बोटभर जागा राहिली पाहिजे. मग हवा. सुरुवातीला तुमचं वजन पौंडांत जितकं, तितके पीएसआय भरा. 75 किलोचा माणूस म्हणजे साधारण 165. शॉकवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. पहिल्यांदा हवा भरताना शे-सव्वाशेवर थांबून शॉक दहा-पंधरा वेळा सावकाश दाबा, म्हणजे निगेटिव्ह कप्पा भरतो, मग उरलेली हवा भरा. हेल्मेट, पाण्याची बाटली, पाठीवरची सॅक असा पूर्ण जामानिमा करून सॅग मोजा. येऊरसारख्या वाटांसाठी स्ट्रोकच्या 25 ते 30 टक्के सॅग ठेवा, म्हणजे 57 च्या स्ट्रोकला 14 ते 17 मिमी. रिबाउंड मधोमध ठेवून फुटपाथच्या कडेवरून बसूनच खाली उतरा. मागची बाजू एकदा उसळून स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर दोन टिक हळू करा. पहिल्या राइडनंतर घरी आल्यावर शॉकचे दोन्ही बोल्ट पुन्हा आवळून बघा, नवे स्पेसर जागा घेताना हमखास थोडे सैल होतात.